उजव्या मनगटावर

"घड्याळ बघितलंत का, दुसऱ्या हातात गेलं," असं माझ्या मागच्या रांगेतली बाई शेजारच्या माणसाला म्हणाली. सिनेमा संपायला दहा मिनिटं होती. खासगी खेळ होता, सव्वाशे माणसं बोलावलेली, त्यांतली निम्मी कुणाच्या ना कुणाच्या ओळखीची आणि निम्मी फुकट सिनेमा म्हणून आलेली. पडद्यावर माझा नवरा जिना उतरत होता आणि त्याच्या डाव्या मनगटावर घड्याळ होतं, जिथे ते असायलाच हवं. पण त्याच्या आधीच्या दृश्यात, त्या स्वयंपाकघरात, त्याने ते उजव्या मनगटावर बांधलं होतं. शूटिंगच्या दिवशी मी ते पाहिलं नव्हतं. नंतर जुळवाजुळव झाली तेव्हाही पाहिलं नव्हतं. आणि ते पाहणं एवढंच माझं काम. सिनेमाचे तुकडे उलटसुलट क्रमाने घेतात, जिना आज आणि दार पुढच्या सोमवारी, म्हणून पेल्यात पाणी कुठवर होतं, बाही किती दुमडलेली होती, कुठलं बटण उघडं होतं हे सगळं लिहून ठेवणारी एक बाई लागते. सव्वीस वर्षं ती बाई मी आहे. युनिटमध्ये मला वहीवाली म्हणतात. वहीवालीची चूक दाखवा आणि जेवण मिळवा, अशी एक जुनी पैज आमच्याकडे आहे, आणि सव्वीस वर्षांत ते जेवण कुणाला मिळालेलं नाही. मागच्या रांगेतल्या बाईला या पैजेची कल्पना नव्हती, म्हणून वाचले.

सिनेमाबद्दल सांगायला हवं. एक खासगी गुप्तहेर आहे, साठीच्या जवळ आलेला, आणि त्याला फक्त भांडी धुताना सुचतं. संशयिताच्या घरी जातो, कोट काढून खुंटीला अडकवतो, घड्याळ काढून खिडकीत ठेवतो आणि लोकांची खरकटी भांडी घासायला लागतो. घासता घासता माणसं त्याच्याशी बोलतात. चार घरांची भांडी धुऊन झाल्यावर त्याला कळतं की जी बेपत्ता बाई शोधायला तिच्या भावाने त्याला नेमलंय तिचा खून वगैरे काही झालेला नाही, ती आपल्या पायांनी निघून गेली आहे. कुठे गेली तेही कळतं. मग तो तिच्या रिकाम्या घरी जातो, तिथे तिचा उष्टा कप तसाच आहे, एवढा एकच पुरावा, आणि हा बाबा तो कप धुऊन टाकतो. चार मिनिटं, एकच शॉट, एक शब्द नाही. नंतर जिना उतरतो आणि भावाला जाऊन सांगतो की मला काही सापडलं नाही. संपला सिनेमा. माझा नवरा यात गुप्तहेर आहे. त्याआधी तीस वर्षं तो बाकावर बसलेला माणूस होता, वेटर होता, दोनदा प्रेत होता, आणि बहुतेक वेळा पहिल्या पोलिसाच्या मागे उभा असलेला दुसरा पोलीस. लोक त्याला हाकच तशी मारतात, ए दुसरा पोलीस. तो ओ देतो. खेळ चालू असताना तो आत बसला नाही, बाहेर उभा राहून भिंतीवरची आग विझवायची सूचना वाचत होता. मी बाहेर आले तेव्हा म्हणाला, "हसले?" मी म्हटलं, "काही हसले." "आणि बाकीचे?" "बाकीच्यांना घड्याळ दिसलं," असं मी म्हणणार होते, पण म्हणाले, "बाकीचे बघत होते."

खेळ संपल्यावर प्रत्येकाला एक कार्ड दिलं होतं, मत लिहायला. दुसऱ्या दिवशी निर्मात्यांच्या कचेरीत ती कार्डं वाचायला आम्ही चौघं बसलो. निर्माते, त्यांचा मूळ धंदा फरशांचा. दिग्दर्शक, बत्तीस वर्षांचा, पहिलाच सिनेमा, नखं कुरतडून बोटं लाल केलेला. संकलक, ज्याला बारा महिने सर्दी असते. आणि वही मांडीवर घेऊन मी. मतं म्हणजे आनंदच होता. एकाने लिहिलं होतं, गुप्तहेराने आधी गुन्हेगार पकडावा, भांडी नंतर घासावीत. एकीने लिहिलं होतं, फार आवडला, का ते विचारू नका. एकाने, पैसे परत मिळतील का, आणि त्याने पैसे दिलेच नव्हते. एकीने फक्त एवढंच, माझ्या नवऱ्याला घेऊन पुन्हा येणार आहे. मला गंमत वाटायला लागली. इतकी वर्षं मी सिनेमे करते, पण लोक नेमकं काय बघतात हे मला कधी कळलंच नव्हतं, मी आपली बटणं बघत आलेली. आणि मग घड्याळाची कार्डं सुरू झाली. एकतीस. काहींनी सरळ लिहिलं होतं, ढळढळीत चूक. पण बाकीच्यांनी डोकं चालवलं होतं. एकाचं म्हणणं, गुप्तहेराला जुळा भाऊ आहे आणि कप धुतो तो भाऊ. एकाचं म्हणणं, स्वयंपाकघरातलं सगळं स्वप्न. एका बाईने बारीक अक्षरात मागची बाजूही भरून सिद्ध केलं होतं की ती बेपत्ता बाई आणि गुप्तहेर एकच आहेत. दिग्दर्शक हे कार्ड दोनदा वाचून म्हणाला, "मी असं काही केलंय का?" ते त्याने माझ्याकडे बघून विचारलं. निर्माते म्हणाले, "हे बघा, शंभर फरश्या सरळ बसवल्या आणि एक उलटी बसली, तर गिऱ्हाईक घरात आल्यापासून जाईपर्यंत त्या एकीकडेच बघतं. गुरुवारपर्यंत दुरुस्त होत असेल तर करा. नाहीतर स्वयंपाकघर काढून टाका. तो कपाकडे बघतो, तिथून थेट जिना." परत शूट करणं शक्य नव्हतं, ते घर भाड्याचं होतं आणि आता तिथे एक कुटुंब राहायला आलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, "वहीत काय आहे ते बघा. ठरवून केलं असेल तर मी भांडेन. वहीत असेल तर ठरवून." आमच्या धंद्यात वहीत आहे ते झालं आणि वहीत नाही ते झालं नाही. मी पान काढलं, एकशे चार. कपाचा रंग, कानाची दिशा, फडक्याची घडी, नळ अर्धा उघडा, सगळं शॉट सुरू होण्यापूर्वीचं. नंतरच्या रकान्यात काहीच नव्हतं. चार मिनिटं मी पेन हातात धरून बसले होते आणि एक अक्षर लिहिलं नव्हतं. "गुरुवारी सांगते," मी म्हटलं आणि वही मिटली. निर्माते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी स्वतःच संशयित आहे असं मला वाटायला लागलं.

घरी सासूबाई आणि नणंद सिनेमावर अजून बोलतच होत्या. सासूबाईंचं म्हणणं, "घरी यानं कधी पाण्याचा पेला विसळला नाही, आणि तिथे परक्या बायकांच्या घरी जाऊन कपबशा घासतोय. कोट मात्र छान दिसत होता." नणंदेचं म्हणणं, "वहिनी, पण खून कुणी केला?" मी म्हटलं, "खून झालाच नाही." "मग दादा दोन तास काय शोधत होता?" दादा, म्हणजे माझा नवरा, वर्तमानपत्रामागे होता. वर्तमानपत्र हलत नव्हतं. स्वयंपाकघर जाणार असल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं, दिग्दर्शकानेच फोन करून सांगितलं होतं. मला तो म्हणाला नाही काही. तो कधीच म्हणत नाही. दुसऱ्या पोलिसाला संवाद नसतो, त्याची सवय लागते. पण मला माहीत होतं की तीस वर्षांत त्याने जे काही केलं त्यात ही चार मिनिटं फक्त त्याची होती, आणि ती माझ्यामुळे जाणार होती. मला स्वतःची चीड आली. आणि चिडीच्या खाली, खरं सांगते, कुतूहल होतं. मी का लिहिलं नाही? त्या दिवशी मला ताप नव्हता. कुणाचा फोन आला नव्हता. झोप नीट झाली होती. दुपारी जेवण वेळेवर आलं होतं. एकेक शक्यता घ्यायची आणि खोडायची, हे मी त्या दोन दिवसांत इतक्या वेळा केलं की नणंदेने विचारलं, "वहिनी, तू काय पुटपुटतेस?" मला आठवत होतं ते एवढंच की मी कॅमेऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसले होते, नवऱ्याच्या बरोबर समोर, नळ सुरू झाला आणि मग दिग्दर्शक कट म्हणाला. मधलं काही नाही. कुणी मला चार मिनिटं उचलून दुसरीकडे ठेवलं होतं जणू. मी हे त्या दिवशी मनाशी कबूलही केलं नव्हतं, पुढचा शॉट लागला, धावपळ झाली, आणि कोरा रकाना कोराच राहिला.

बुधवारी दुपारी घरी कुणी नव्हतं. मी चहा केला, प्यायले, कप घेऊन सिंकपाशी गेले, घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, कप धुतला, उपडा घातला, त्याच्या काठाखाली चमचा सरकवला म्हणजे आत वारा जातो आणि वास राहत नाही, हात पुसले आणि घड्याळ बांधलं. उजव्या मनगटावर. मी डावखुरी आहे. लिहिते डाव्या हाताने, घासते डाव्या हाताने, म्हणून घड्याळ उजव्या हातावर, शाळेपासून. मी तशीच उभी राहिले. मग चपला घातल्या आणि बस धरून संकलकाच्या खोलीवर गेले. तो नाक पुसत होता. मी म्हटलं, "स्वयंपाकघर दाखवा." त्याने लावलं. माझा नवरा, जो उजवा आहे, डाव्या हातात घासणी धरून कप घासत होता. आधी बाहेरून, मग आतून. अंगठा कानाच्या खाली दोनदा फिरवला, तिथे डाग राहतो. कप उजेडात धरला. उपडा घातला. चमचा उचलला आणि काठाखाली सरकवला. पटकथेत चमचा नव्हता. संकलक म्हणाला, "घासणी पण डाव्या हातात. हे मी बघितलंच नव्हतं. आधीच्या चार घरांत उजव्या हातात आहे." मला रडू येतंय की हसू ते कळत नव्हतं. सव्वीस वर्षं मी या माणसाची मनगटं, बाह्या, कॉलर, मिशांची लांबी लिहीत आले. त्याला तुकड्यातुकड्यांनी बघत आले, घरीसुद्धा, जाताना शर्टाचं वरचं बटण उघडं होतं का, येताना आहे का. आणि तो मला सबंध बघत होता. कधी? मी भांडी घासताना तो या घरात असतो कुठे?

असतो कुठे या प्रश्नापाशी मी थांबले, कारण त्याच्या मागे एक जुना प्रश्न होता. एकोणीस वर्षांपूर्वी मी अकरा दिवस घर सोडून गेले होते. भांडण झालं नव्हतं, झालं असतं तर बरं होतं. सकाळी चहा प्यायले, कप धुऊन उपडा घातला, पिशवी भरली आणि थोरल्या बहिणीकडे जाऊन राहिले, त्याच शहरात, चाळीस मिनिटांच्या अंतरावर. तो तेव्हा कुठल्यातरी सिनेमात बाकावर बसत होता. मला वाटत होतं की मी घरात आहे की नाही हे या माणसाला कळणारसुद्धा नाही. बहिणीने रोज विचारलं, "येतील का गं ते?" आणि मी रोज म्हटलं, "मला काय करायचंय." प्रत्येक वेळी बेल वाजली की माझा जीव वरखाली व्हायचा. तो आला नाही. बाराव्या दिवशी मीच परत गेले. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "चावी होती ना तुझ्याकडे?" बस, एवढंच. घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही, सासूबाईंनी ताईकडे गेली होती असं सगळ्यांना सांगून टाकलं, आणि मी ते चावीचं वाक्य एकोणीस वर्षं चघळत बसले. आता संकलकाच्या खोलीत पडद्यावर तो माझ्यासारखा कप धूत होता, एका निघून गेलेल्या बाईच्या घरात. मला पहिल्यांदा भीती वाटली. वाटलं, विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर?

संध्याकाळी तो आला तेव्हा मी विचारलंच. म्हटलं, "तो कप तू कसा धुतलास?"

"धुतात तसा."

"डाव्या हाताने?"

त्याने आपल्या हाताकडे बघितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मग म्हणाला, "दिग्दर्शक म्हणाला, इथे तुमच्यासारखं धुऊ नका, ती बाई धुईल तसं धुवा. गेलेली बाई. मग मी धुतला." वर बघून म्हणाला, "चुकलं का?"

"गेलेली बाई म्हटल्यावर तुला मी आठवले?"

तो बूट काढत होता. एक काढला आणि दुसरा तसाच ठेवून बसला. मी म्हटलं, आणि माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला, "तू मला शोधायला यायला हवं होतंस. मी अकरा दिवस वाट बघितली."

"आलो होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"चौथ्या दिवशी. ताईच्या घराच्या मागच्या गल्लीत. स्वयंपाकघराची खिडकी तिकडे आहे ना. तू समोरच होतीस, भांडी घासत होतीस. ताई काहीतरी बोलली आणि तू हसलीस. तसं हसलेलं मी बरेच महिने बघितलं नव्हतं. मग तू घड्याळ घातलंस आणि आत गेलीस. मी म्हटलं, हिला इथे बरं वाटतंय, आपण कशाला बेल वाजवायची. परत आलो."

"आणि सांगितलं नाहीस."

"सापडली नाही असं स्वतःला सांगितलं." त्याने दुसरा बूट काढला. "मला वाटलं, तुला तेच हवंय."

"नको होतं," मी म्हटलं. "मला बेल हवी होती, मूर्ख माणसा." तो मान खाली घालून बसला आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याच्या डाव्या पायातला मोजा अंगठ्यापाशी विरला होता, ते मी आपोआप टिपलं, आणि मग माझंच मला हसू आलं. इतका चांगला गुप्तहेर, सगळं बरोबर शोधून काढलं आणि निष्कर्ष तेवढा चुकीचा. पण तो आला होता. मी बेलकडे कान लावून बसले होते आणि तो मागच्या गल्लीत उभा होता. मला त्याचा राग आला, एकोणीस वर्षांच्या मानाने फारच थोडा आला, आणि मग तोही राहिला नाही. घड्याळाचं मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या हाताने ते त्याला न विचारता केलं होतं, सांगितलं असतं तर पुढच्या वेळी त्याने ते जपून केलं असतं.

गुरुवारी अकरा वाजता संकलकाच्या खोलीत आम्ही पुन्हा जमलो. निर्माते खुर्चीत बसलेच नाहीत. आणि संकलक खुशीत होता. म्हणाला, "बाई काल येऊन गेल्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बघा." त्याने एक कळ दाबली आणि सगळं स्वयंपाकघर आरशात दिसावं तसं उलटं झालं. खिडकी डावीकडची उजवीकडे गेली. घासणी उजव्या हातात आली. घड्याळ डाव्या मनगटावर आलं. "भिंतीवर एक अक्षर लिहिलेलं नाही, त्यामुळे उलटं केलेलं कुणाला कळायचं नाही. घड्याळ काढून ठेवतो तो शॉट वेगळा आहे, त्याला धक्का नाही. आधीच्या चार घरांशी जुळतं, जिन्याशी जुळतं. चार मिनिटं वाचली." दिग्दर्शकाने टाळी वाजवली. निर्माते म्हणाले, "हे बेस्ट. कुणाची चूक ते पण विचारायला नको." आणि ते माझ्याकडे बघून चक्क हसले. सगळं जुळलं होतं. माझी चूक गेली, नवऱ्याची चार मिनिटं राहिली, पैज मी जिंकतच राहिले. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात आमचं घर वाकबगार आहे. पडद्यावर माझा नवरा एका उजव्या बाईसारखा कप धूत होता. गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर गेला होता. शर्टाची बटणं बायकांच्या बाजूने लागली होती. तो आता मला ओळखत नव्हता. जिला त्याने चौथ्या दिवशी गल्लीतून बघितलं ती तिथे नव्हती, दुसरीच कुणीतरी होती, सगळ्यांना चालणारी.

"असं नको," मी म्हटलं.

"का?" निर्माते म्हणाले. "बटणं दिसतात म्हणून? कोण बघतंय?"

"उलटं केलं तर तो खोटा दिसतो," मी म्हटलं. "तो त्या बाईसारखा धुतोय. ती डावखुरी आहे."

"कोण बाई? बेपत्ता? असं पटकथेत कुठे आहे?" दिग्दर्शक कागद चाळायला लागला.

मी वही काढली, पान एकशे चार उघडलं आणि त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, घड्याळ उजव्या मनगटावर, घासणी डाव्या हातात, बरोबर आहे. खाली सही केली आणि तारीख आजची घातली. त्या दिवशीची घातली असती तरी कुणी विचारलं नसतं, पण त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. वही दिग्दर्शकासमोर ठेवली. त्याने माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं, पेन धरलेल्या हाताकडे बघितलं, मग माझ्या दुसऱ्या मनगटाकडे, आणि त्याचं नख कुरतडणं थांबलं.

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी लिहिलं नव्हतं," निर्माते म्हणाले. "चूक तुमचीच."

"माझीच. मी लिहायचं सोडून बघत बसले होते."

"पुढच्या सिनेमाला मी दुसरी बाई बघीन."

"बघा," मी म्हटलं. वाईट वाटलं. सव्वीस वर्षं काही थोडी नव्हेत. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

दिग्दर्शक वहीवरून नजर न काढता संकलकाला म्हणाला, "सुलट करा." निर्माते काहीतरी बोलायला लागले तेव्हा त्याने वही त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाला, "वहीत आहे." संकलकाने नाक पुसलं आणि कळ दाबली. खिडकी जागेवर आली, तीळ जागेवर आला. माझ्या नवऱ्याने हात पुसले, घड्याळ उचललं आणि उजव्या मनगटावर बांधलं, आणि या वेळी मी ते पाहिलं.